दुकानदार काही क्रेडिट कार्डं घेतच नाहीत, असं का?

साखळीकर
नमस्कार मंडळी, एक गोष्ट नीट समजून घ्यायची आहे. चवथीला पुण्याहून भावोजी आले होते, परत जाताना त्यांना काजू घ्यायला म्हापशाला घेऊन गेलो. बिल सहा हजारांच्या आसपास झालं, त्यांनी ॲमेक्सचं, म्हणजे अमेरिकन एक्सप्रेसचं कार्ड काढलं तर दुकानदार म्हणाला हे चालत नाय, व्हिसा मास्टर असलं तर द्या. मग एका वाईन शॉपमध्ये गेलो तिथे कार्ड चालत होतं पण क्रेडिट असेल तर २ टक्के वर द्यायचे म्हणे. आणि माझं स्वतःचं रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं आहे, ते एका छोट्या दुकानात स्कॅन केलं तर पेमेंटच जाईना, बँक खात्यातून मात्र लगेच गेलं. भावोजींचं म्हणणं, हे सगळे टॅक्स चुकवायला करतात. मला ते पटत नाही कारण व्हिसा घेतला तरी हिशोबात दिसणारच ना? मग एक कार्ड चालतं आणि दुसरं नाही, यामागे नेमकं काय आहे? आणि दुकानदाराला असं नाही म्हणता येतं का?

बाजारपेठ_म्हापसा
साखळीकर बाब, तुम्ही गेलात ते दुकान माझं नव्हे पण धंदा तोच, म्हणून सांगतो. तुमचं ६,००० चं बिल धरा. क्रेडिट कार्डावर बँक माझ्याकडून समजा २ टक्के कापते, म्हणजे १२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २१ रुपये ६० पैसे. मी कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत आहे त्यामुळे तो जीएसटी मला परत मिळत नाही, गेला तो गेला. तेच तुम्ही यूपीआयने बँक खात्यातून दिलेत तर माझे शून्य जातात. गिऱ्हाईक तेच, माल तोच, पण एकात माझे १४० रुपये जास्त गेले. काजूत घासाघीस किती होते ते तुम्हाला ठाऊक आहे, शेवटी किलोमागे थोडंच सुटतं आणि त्यातलाच हा वाटा.

आणि हे २ टक्के सगळ्या कार्डांना सारखे नसतात, हे लोकांना माहीतच नाही. महिन्याच्या शेवटी स्टेटमेंट येतं त्यात वेगवेगळ्या ओळी असतात, डेबिटची वेगळी, साध्या क्रेडिटची वेगळी, प्रीमियमची वेगळी, कंपनीच्या कार्डाची वेगळी, परदेशी कार्डाची तर सगळ्यात जड. मशीनवर कार्ड लावताना मला कळत नाही कोणतं कितीला पडणार, ते नंतर स्टेटमेंटमध्ये दिसतं.

दुसरी भीती चार्जबॅकची. टुरिस्ट माल घेऊन घरी जातो, एक दोन महिन्यांनी बँकेकडे तक्रार करतो की हा व्यवहार मी केलाच नाही. मग बँक माझ्याकडे चार्ज स्लिप, म्हणजे मशीनमधून निघालेली पावती मागते. ती कसल्या कागदावर असते बघा, गोव्याच्या पावसाळ्यात दोन महिन्यांत अक्षरं उडून कागद कोरा होतो. म्हणून मी मोठ्या बिलाच्या स्लिपचा त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवतो. कागद नाही दाखवला तर माल पण गेला आणि पैसे पण.

पर्वरीचा_निवृत्त
बँकेत कार्ड विभागात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

व्हिसा आणि मास्टरकार्ड स्वतः कोणाला कार्ड देत नाहीत. तुमचं कार्ड एका बँकेचं, दुकानातलं मशीन दुसऱ्या बँकेचं, मधला रस्ता व्हिसाचा किंवा मास्टरचा. दुकानदाराकडून जे कापलं जातं त्याला एमडीआर म्हणतात. त्यातला मोठा हिस्सा तुमच्या कार्डाच्या बँकेला जातो, त्याला इंटरचेंज म्हणतात, थोडा नेटवर्कला, उरलेला मशीनवाल्या बँकेला. तुम्हाला जे रिवॉर्ड पॉइंट आणि विमानतळावरचं लाउंज मिळतं त्याचा बराचसा पैसा या इंटरचेंजमधूनच येतो. म्हणून कार्ड जितकं भारी तितका दुकानदाराचा कट मोठा. भावोजींच्या पॉइंटचा भार म्हापशातल्या काजूवाल्यावर येतो, माझ्या मते हे सरळसरळ अन्यायाचं आहे आणि ग्राहकाला ते कोणी सांगत नाही.

ॲमेक्सची रचना वेगळी. तिथे कार्ड देणारी आणि दुकानदाराशी करार करणारी बहुतेक वेळा तीच कंपनी. म्हणजे बँकेचं मशीन आहे म्हणून ॲमेक्स आपोआप चालू होत नाही, त्यासाठी वेगळी मंजुरी, वेगळा दर, आणि तो दर साधारणपणे जास्तच असतो. डायनर्स क्लब या दुसऱ्या कार्ड कंपनीचंही बऱ्याच मशीनवर असंच वेगळं चालू करून घ्यावं लागतं. त्यात १ मे २०२१ पासून या दोघांनाही नवीन ग्राहक घ्यायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली होती, व्यवहारांचा डेटा भारतातच ठेवायचा या नियमावरून. डायनर्सची त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उठली, ॲमेक्सची ऑगस्ट २०२२ मध्ये. महिन्यात एखादंच गिऱ्हाईक ते कार्ड घेऊन येत असेल तर लहान दुकानदार त्यासाठी कागदपत्रं कशाला करेल?

आता दरांचं. डेबिट कार्डाला १ जानेवारी २०१८ पासून मर्यादा आहे, वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यावर असेल तर ०.९० टक्के. रुपे डेबिट आणि यूपीआयला जानेवारी २०२० पासून शून्य. क्रेडिट कार्डाला मात्र आपल्याकडे अशी वरची मर्यादाच नाही. युरोपियन युनियनने २०१५ मध्येच ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांचं इंटरचेंज ०.३ टक्क्यांवर बांधलं, आपल्याकडेही असं काही व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

रुपे क्रेडिट यूपीआयवर २०२२ पासून चालतं पण फक्त दुकानदाराच्या, म्हणजे मर्चंट क्यूआरवर. छोट्या दुकानात बरेचदा मालकाचा स्वतःचा साधा क्यूआर चिकटवलेला असतो, त्यावर खात्यातले पैसे जातात, क्रेडिट जात नाही. तुमचं बहुधा तेच झालं असणार.

कळंगुटची_वैनी
आमचं छोटं गेस्ट हाऊस आहे, माझा अनुभव थोडा वेगळा. वरच्या दादांचं सगळं पटतं पण किनाऱ्यावर कार्डाला नाही म्हणून चालतच नाही हो, पाहुणा नाही म्हटलं की शेजारी जातो. आम्ही ॲमेक्स घेतो, परदेशी कार्डंही घेतो. ती सुद्धा आधी चालत नव्हती, मशीन आलं तेव्हा आंतरराष्ट्रीय कार्डं बंदच होती, बँकेत अर्ज देऊन उघडून घ्यावी लागली. दुकानदार नाही म्हणतो ते कधी कधी असंही असतं, त्याला नकोच असतं असं नाही, त्याच्या मशीनवर ते सुरूच नसतं आणि त्याला कोणी सांगितलेलंही नसतं. खोलीच्या भाड्यात तो कट सोसता येतो, काजूच्या पाकिटात नाही सोसत, हे मान्य. पण काउंटरवर लिहून ठेवायला काय जातं कोणती कार्डं चालतात ते? बिल झाल्यावर, पिशवी भरल्यावर सांगणं वाईट, गिऱ्हाईकाला लाजल्यासारखं होतं, पोरंबाळं बरोबर असतात.

साखळीकर
एवढं कोणीच समजावून सांगितलं नव्हतं, देव बरें करूं सगळ्यांना. मी स्कॅन केलं त्या दुकानाचा क्यूआर साधाच होता, खाली मालकाचं नाव येत होतं, आता उलगडा झाला. फक्त त्या २ टक्क्यांचं राहिलं. असं वर मागता येतं का?

पर्वरीचा_निवृत्त
क्रेडिट कार्ड घेतलंच पाहिजे असा कायदा नाही, त्यामुळे नाही म्हणायचा त्याला हक्क आहे. पण मशीन घेताना दुकानदार बँकेशी जो करार करतो त्यात साधारणपणे वर पैसे लावायचे नाहीत असं कलम असतं. डेबिटवर तर एमडीआर ग्राहकाच्या माथी मारायचा नाही हे रिझर्व्ह बँकेनेच बजावलं आहे. आणि तुमची बाटली छापील किमतीला असेल तर एमआरपीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही, मग कारण कार्डाचं सांगा की आणखी कशाचं. मशीनच्या स्लिपवर बँकेचं नाव असतं, त्या बँकेकडे तक्रार करता येते. स्लिप आणि दुकानाचं बिल दोन्ही जपून ठेवा, बिलात २ टक्के वेगळे दाखवले नसतील तर सिद्ध करणं कठीण जातं.

बाजारपेठ_म्हापसा
२ टक्के वर घेणं मलाही पटत नाही, मी घेत नाही. पण हल्ली मी एक करतो, मोठं बिल असेल तर सरळ विचारतो, यूपीआय केलंत तर किलोला थोडं कमी करून देतो. बरेच जण ऐकतात. वैनी म्हणतात ते पाटीचं बरोबर आहे, उद्या लावतो. माझं मशीन या महिन्यात बदलायचं आहे, बँकेचा माणूस येणार आहे, त्याला ॲमेक्सचा दर विचारून घेतो. सीझन सुरू व्हायच्या आत परवडण्यासारखा निघाला तर घेईन, आणि काय दर सांगितला तो इथे लिहीन.