गाव सुटलं, घर बदललं: तुमच्या लेकरांनी कसं घेतलं?

पऱ्हाटी
शेजारी काल नवं बिऱ्हाड उतरलं. छोट्या हत्तीतून कोठ्या, कूलर, पलंग खाली येत होते आणि चारेक वर्षांची पोर आईचा पदर ओढून विचारत होती, "आपली गाय इथं कुठं बांधायची?" गाय विकून आलेत ते. आई गप्प. मला रात्री झोप लागली नाही.

आमचं गाव गोसीखुर्दच्या बुडितात गेलं. धरणाचं भूमिपूजन १९८८ चं, म्हणजे गाव उठणार हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. मोठ्यांची मनं हळूहळू तयार झाली, धाकट्या भावाला मात्र कोणी नीट काही सांगितलंच नव्हतं. नव्या गावठाणात रस्ते सरळ, प्लॉट सारखे, घरंही सारखीच. खेळून परत येताना तो दुसऱ्याच्याच घरात शिरायचा आणि रडत बसायचा. मग आबाजींनी जुन्या घराचं काढून आणलेलं सागवानी दार समोर बसवलं. खालच्या फळीवर भावानंच खिळ्यानं कोरलेला बैल होता, एक शिंग मोठं, एक लहान. त्यावर हात फिरवूनच तो आत यायचा.

तुमच्याकडे काय झालं, लिहा. त्या पोरीच्या आईला वाचून दाखवणार आहे.

तुरीचं_शेत
तान्हा पोळा!! आमचा पोट्टा जूनपासून घराबाहेर निघे ना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी सजवून दिला, गळ्यात घुंगरू. दारोदार बोजारा, म्हणजे नंदीचा खाऊ-पैसा, मागत फिरला. संध्याकाळी त्याले गावातल्या साऱ्या पोरांची नावं पाठ. आम्हाले अजून नाहीत.

वर्धाकाठची
यांची बदली धारणीकडे झाली तेव्हा लेक पाच वर्षांची. वर्गातली बहुतेक पोरं आपसात कोरकू बोलणारी, ही कोपऱ्यात बसायची. मी एकच पाळलं, सामान उतरलं की आधी तिचं गाठोडं सोडायचं. तिचीच वाकळ, तीच उशी, निजायची वेळ तीच, गोष्टही तीच. भांडी दोन दिवस पोत्यात राहिली तरी चालतं. दिवाळीपर्यंत ती कोरकूत भांडायला लागली, मग माझी काळजी मिटली.

सागवान
@तुरीचं_शेत दादा, नंदी कुठून घेतला? चाकंवाला पाहिजे. आमच्याकडचा सुतार आता फक्त पलंगच करते.

तुरीचं_शेत
@सागवान आमच्या मामानं केला. सागाचा तुकडा पाठवा, करून देते. पोळ्याच्या आधी सांगा म्हणजे झालं.

भुलाबाईची_सखी
मुलींसाठी भुलाबाई, आपल्याकडचा पोरींचा गाण्यांचा सण. आईनं नव्या गावात मुद्दाम आमच्याकडे मांडली. खिरापत ओळखायला साऱ्या पोरी घरात, डबा हलवून वास घेऊन पाहून राहिल्या. आईनं मुद्दाम कोणाला ओळखू न येणारं केलं होतं. ओळखता येईना म्हणून त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या.

नवीन_सून
माझा साडेतीन वर्षांचा. इथं आल्यापासून पुन्हा अंथरूण ओलं करून राहिला, सुटलं होतं. सासूबाई म्हणतात नजर लागली. काय करू?

अंगणवाडी_ताई
@नवीन_सून बाई, घाबरू नका. घर बदललं की लहान लेकरांत असं होते. रागवू नका, चारचौघांत बोलू तर मुळीच नका. निजताना मोरीत न्या, उजेड ठेवा, नव्या घराची मोरी त्याले अंधारात भ्यायला लावत असेल. लघवीला जळजळ, ताप असेल किंवा बरेच दिवस थांबत नसेल तर आरोग्य केंद्रात दाखवा. आणि लसीकरणाचं कार्ड शोधून ठेवा, पाच वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) बूस्टर या धांदलीत हमखास राहून जातो.

नवीन_सून
ताई, रडूच आलं वाचून. कार्ड सापडलं, पिठाच्या डब्यात होतं 🙏

खारपाणपट्टा
जुनी शाळा दाखला द्यायला टाळाटाळ करून राहिली, म्हणून पोरगी महिनाभर घरी. नवीन गुरुजी म्हणतात आधी दाखला आणा. आता काय?

वर्धाकाठची
@खारपाणपट्टा उद्याच तिला शाळेत घेऊन जा दादा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५. सहा ते चौदा वयाच्या लेकराला दाखला यायला उशीर झाला म्हणून जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. दाखला मागाहून येईल, आणि मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो हेही त्याच कलमात आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

झाडीपट्टी
आम्ही मिरचीच्या तोड्याले तेलंगणात जातो. पोरगी तीन वर्षांची. यंदा संगं न्यावं का आजीपाशी ठेवावं? मागच्या वर्षी ठेवली तर परत आल्यावर माझ्याजवळ येतच नव्हती. लय लागलं जीवाले.

अंगणवाडी_ताई
@झाडीपट्टी माय, तो दुरावा नाही, रुसवा आहे तिचा. आजी धडधाकट असेल आणि ठेवलीत, तर लपून जाऊ नका. सांगून, तिच्या हातानं पिशवी भरून निघा, रोज ठरल्या वेळी फोन करा. तुमचं एखादं जुनं लुगडं तिच्या अंथरुणात ठेवा. संगं नेलीत तर निघायच्या आधी तुमच्या सेविकेला सांगा. पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या मोबाइल ॲपवर, तिचं नाव तिकडच्या अंगणवाडीत वळवता येते, मोबाइल नंबर आणि आधार जवळ ठेवा.