जुनी हार्ड डिस्क, क्लोन, बॅकअप: तुमचे अनुभव लिहा

काल माळा आवरताना स्टीलच्या डब्यात ४० जीबीची हार्ड डिस्क सापडली, ती जुनी रुंद पट्टीच्या केबलवाली आयडीई. चिकटपट्टीवर बाबांचं अक्षर, "क्लोन. मार्च २००९. पुसू नये." क्लोन म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल, विंडोजसकट. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा पीसी आईने कधी भंगारात देऊ दिला नाही, म्हणून त्यातच लावून बघितली, जम्पर (डिस्क मुख्य की दुय्यम ते ठरवणारं छोटं टोपण) स्लेव्हवर होता तो मास्टरवर केला, बायोसचा सेल मेलेला म्हणून तारीख २००२ ची आली पण एक्सपी चालू झालं!! समोर बाबांचा डेस्कटॉप, आयकॉन सगळे उजव्या बाजूला ओळीत लावलेले, ते लावायचे तसेच. रिसायकल बिनमध्ये त्या दिवशीचा कचरासुद्धा. बॅकअपच्या सीडी आहेत आमच्याकडे, फोटो-पत्रं त्यात मिळतातच, पण क्लोनमध्ये त्यांची बसायची जागा मिळाली. नोटपॅडमध्ये किराणाची यादी होती, आईने चष्मा लावून वाचली आणि म्हणाली, रवा लिहायचा राहिलाय.
रात्रभर झोप नाही. तुमचेही अनुभव लिहा.

--

वाचून भरून आलं. आईंना नमस्कार सांगा.

--

ताई आधी एक ऐका, ती डिस्क आता परत परत चालू करू नका. इतकी वर्षं पडून होती, मोटर कधी अडकेल सांगता येत नाही आणि विंडोज चालू झालं की ते स्वतःच डिस्कवर काहीबाही लिहीत राहतं. काढा, आयडीई-यूएसबी कन्व्हर्टरने दुसऱ्या पीसीला लावा आणि सगळ्या डिस्कची इमेज (एका फाइलीत पूर्ण नक्कल) घ्या, लिनक्सवर डीडीरेस्क्यू उत्तम. ते आधी चांगला भाग उचलतं, खराब सेक्टरवर नंतर येतं, आणि मॅप फाइल दिली असेल तर मध्ये लाइट गेली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. टकटक आवाज आला तर लगेच बंद करा, मग घरी प्रयोग नको.

--

+१. आणि सोर्स-टार्गेट दहा वेळा बघा. मी लिनक्सच्या डीडी या कॉपी कमांडमध्ये आयएफ (कुठून) आणि ओएफ (कुठे) उलटे टाकले होते, रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरली. मुलीचं पहिलं वर्ष होतं त्यात. बारसं, पहिलं पाऊल सगळं. बायको एक शब्द बोलली नाही त्याचंच जास्त लागलं. आता आधी एलएसब्लॉक कमांडने मॉडेल आणि सिरियल नंबर कागदावर लिहितो, कारण दोन्ही डिस्क ५०० जीबीच्या असल्या की दोन्ही ४६५ जीबीच्याच दिसतात, आकारावरून काही कळत नाही.

--

आमचा डीटीपीचा धंदा आहे, पेजमेकर आणि श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर), डोंगलवालं, म्हणजे मशीनला चावीसारखा तुकडा लावला तरच चालणारं. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ ला संपला तरी मशीन तेच, कारण वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि स्मरणिकांच्या फायली त्याच फॉन्टमध्ये आहेत, दुसरीकडे उघडलं की गिचमिड. नुसत्या फायलींचा बॅकअप आम्हाला काय कामाचा, सॉफ्टवेअर-फॉन्ट-प्रिंटर सेटिंग सगळं जसंच्या तसं लागतं. म्हणून दर दिवाळीनंतर क्लोन. क्लोनेझिला फुकट आहे फक्त टार्गेट डिस्क तेवढी किंवा मोठी लागते. आणि क्लोन झाल्यावर तो लावून मशीन चालू होतंय ना हे बघतोच, न बघितलेल्या क्लोनवर माझा विश्वास नाही.

--

चिपळूण. २२ जुलै २०२१ चा महापूर. कॉम्प्युटर पाण्यात, बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क त्याच टेबलाच्या खणात, म्हणजे तीही पाण्यात. चिखल सुकायला आठवडे गेले. आधीच्या गणपतीत पुण्याच्या भावाला एक कॉपी दिली होती ती तेवढी राहिली, आजोबांच्या जमिनीचे स्कॅन केलेले कागद त्यात होते म्हणून वाचलो. एक कॉपी गावाबाहेर पाहिजेच पाहिजे. आणि ओल्या डिस्कला करंट देऊ नका कोणी, आम्ही हेअर ड्रायर मारून लावून बघितली आणि होती नव्हती ती आशा गेली

--

@चिपळूण माझी मावशी खेर्डीला, तिच्याकडे पण माळ्यापर्यंत पाणी. आता बरं आहे ना सगळं? दूध ठेवलंय गॅसवर, नंतर सविस्तर लिहिते

--

मध्येच विचारतो, ५०० जीबीची हार्ड डिस्क २५६ च्या एसएसडीवर क्लोन होईल का? डेटा फक्त ९० आहे

--

होईल, आधी पार्टिशन लहान करून घ्या किंवा आपोआप लहान करणारं सॉफ्टवेअर वापरा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढा, दोघींची सही (डिस्कचा ओळख-क्रमांक) सारखी असते, विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं.

--

मी धागा काढणारी. सगळ्यांचं ऐकून शेजारच्या दादाकडून कन्व्हर्टर आणला, वेगळा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागला. इमेज झाली, एकही बॅड सेक्टर नाही!! एक कॉपी बहिणीकडे नागपूरला चाललीये. आई विचारतेय यादीत रवा लिहू का. म्हटलं बाबांच्या डिस्कवर नको, कॉपीत लिही.

--

ताई तो कन्व्हर्टर कुठे मिळाला, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो का अजून? आमच्याकडे पण दोन आयडीई पडल्यात