कालयोद्धा, काळवीर की आणखी काही? आणि ‘परवा’चं काय करू?

एका विज्ञानकथेच्या कॉमिकचे संवाद लिहितोय. नायक २१४० सालचा सैनिक. काळात मागे-पुढे उड्या मारत एकेका लढाईत जाऊन पडतो. सध्या तो फ्रान्समध्ये, सोम नदीच्या आघाडीवरच्या खंदकात आहे. तारीख १३ सप्टेंबर १९१६. तो तिथे अडकलाय आणि मी शब्दांत.

आधी त्याचं बिरुद. ‘कालयोद्धा’ लिहिलं, तर पहिल्याच वाचकाने विचारलं, “कालचा? मग आजचा कुठाय?” त्याच्या मोहिमेला ‘कालयुद्ध’ म्हटलं, तर फुग्यात जागा पुरेना. शब्द दोन ओळींत तुटला आणि छापून आलं: ‘काल / युद्ध संपलेलं नाही.’ आपल्या लिपीत मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे हे विशेषनाम आहे हे डोळ्यांना सांगायची सोयच नाही.

खरा घोळ मात्र पुढे आहे. नायक खंदकातल्या शिपायाला सांगतो, “परवा रणगाडे आले.” त्याच्या लेखी ही २२४ वर्षांपूर्वी होऊन गेलेली गोष्ट, म्हणून भूतकाळ. रणगाडे लढाईत पहिल्यांदा उतरले ते १५ सप्टेंबर १९१६ ला, फ्लेर गावाजवळ. म्हणजे १३ तारखेला बोलताना ‘परवा’ बरोबरच. पण शिपाई ११ तारीख समजणार आणि म्हणणार, कुठे आले? ‘येतील’ केलं तर नायक भविष्यातून आलाय याची चव जाते. काय करावं?

प्रतिसाद

‘काल’ की ‘काळ’ हे आधी सोडवू. शब्द समासात पुढे असेल तर बहुधा ल राहतो: कालगणना, कालखंड, कालबाह्य. मागे असेल तर ळ: भूतकाळ, सुकाळ, दुष्काळ. पुढे असूनही ळ आला की बरेचदा त्यात मरणाची सावली येते, जसं काळरात्र. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ या म्हणीत काळ म्हणजे मृत्यूच. तेव्हा ‘काळवीर’ केलंत तर शब्दाला दुहेरी धार येते. युद्धकथेला ती चालून जाईल.

प्रतिसाद

मी ‘काळवीट’ वाचलं. शिंगं काढलीत का त्याला?

प्रतिसाद

+१ काळवीट.

प्रतिसाद

‘प्रवास’, ‘यात्रा’ या वाटेने न जाता ‘स्थलांतर’कडे बघा. एक जागा सोडून दुसरीकडे जाणं ते स्थलांतर, तर एक काळ सोडून दुसऱ्यात जाणं ते कालांतर. स्थलांतरित तसा कालांतरित. ‘कालांतराने’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडात आहे, फक्त त्याचा अर्थ ‘काही काळाने’ असा गुळगुळीत झालाय. तुमच्या नायकाने तो पुन्हा घासून लख्ख करावा. युद्धामुळे माणसं स्थलांतरित होतात, हा एकटा कालांतरित होतो. यात यात्रेचा उत्साह नाही, उखडलेपण आहे. मला ते जास्त खरं वाटतं.

प्रतिसाद

वरचं आवडलं. फक्त ‘कालांतरी’ असं नाम करू नका, ते ‘काही दिवसांनी’ असंच वाचलं जाईल.

आता ‘परवा’. हा शब्द मुळातच दोन्ही दिशांना तोंड करून बसलाय. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही दोन्ही अर्थ दिलेत, आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे. तेरवाचंही तसंच. आपला गोंधळ होत नाही, कारण दिशा क्रियापद दाखवतं: परवा आले, परवा येतील. तुमच्या नायकाचं क्रियापदच फिरलेलं आहे, म्हणून ‘परवा’ लंगडा पडतो. ‘काल’ आणि ‘उद्या’ने हे झालं नसतं.

पण उपाय मराठीतच आहे. टॉवेल शोधत असलेला माणूस दारावरच्या पाहुण्याला ओरडून काय सांगतो? “आलोच!” खुर्चीत बसल्या बसल्या आपण म्हणतो, “चला, निघालो.” आणि समोरच्याला दम देतो, “आता तू मेलास.” व्हायचं आहे ते झालंच म्हणून सांगायची आपली जुनी खोड. तेव्हा नायकाला फक्त एक च द्या: “परवा रणगाडे आलेच!” शिपाई ऐकेल, नक्की येणार. नायक म्हणतोय, येऊन गेले. दोघांपैकी कुणाचंच चुकत नाही.

प्रतिसाद

च भारी. पण ‘रणगाडा’वर अडलो. ‘टँक’ हे नाव गुप्ततेसाठी पांघरलेलं होतं. पाण्याच्या टाक्या बनतायत असं भासवायचं होतं. १३ तारखेला खंदकातल्या साध्या शिपायाने ‘टँक’ ऐकलं तर त्याच्या डोळ्यांपुढे पाणीच यावं. ‘रणगाडा’ मात्र रण आणि गाडा असा पोटातलं सगळं उघड सांगून टाकतो. गुपित फुटलंच की! इथे मराठी शब्द जास्त चांगला आहे, म्हणूनच नको. ‘टाक्या’ ठेवा.

जाता जाता, नायकाच्या तोंडून ‘पहिलं महायुद्ध’ निसटतं आणि शिपाई दचकून ‘पहिलं?’ विचारतो, तो विनोद कृपया टाळा. फार झिजलाय.

धागाकर्ता

तो विनोद पान ४ वर होता. खोडला.

चौकट आता अशी झालीय. पाऊस, गुडघाभर चिखल. शिपाई बूट उलटा करून पाणी ओततोय.

नायक: “थोडा धीर धर. परवा टाक्या आल्याच!”

शिपाई (बुटाकडे बघत): “पाणी? अजून?”

शीर्षक ‘कालांतरित’. अक्षरं रंगवणाऱ्याला बजावून ठेवलंय, हा शब्द ‘काल’पाशी तोडायचा नाही. त्याचं उत्तर: “परवा दिलंच.”