पीपीएफची न वापरलेली मर्यादा पुढच्या वर्षी मिळावी का?

हिशोबनीस, परभणी
पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, आर्थिक वर्षाला किमान 500 आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. 2014 पासून आकडा हलला नाही. नोकरदाराला महिना 12,500 चा हप्ता बसतो, सोयाबीन-कापसावरच्या घराला नाही. 2015 सारखं साल आलं की 500 भरणंही जड, आणि पिकलेल्या सालात मोंढ्यावरची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, एकदम हातात येते. पण कोरड्या सालातले न भरलेले 1,49,500 कायमचे गेले. उरलेली मर्यादा निदान तीन वर्षं पुढं नेऊ द्यावी. कॅनडात आरआरएसपीची, म्हणजे तिथल्या निवृत्ती बचत योजनेची, न वापरलेली मर्यादा पुढं चालते.

करसल्लागार, लातूर
दादा, हे पटत नाही. पीपीएफचं व्याज करमुक्त आहे, त्याचा भार तिजोरीवर येतो. म्हणून मर्यादा हवीच. शिवाय आहे त्या नियमातही जागा आहे. पट्टी जानेवारीत आली तर दीड लाख 5 फेब्रुवारीच्या आत भरा, पुढचे दीड लाख 1 ते 5 एप्रिलमध्ये. पत्नीच्या नावाचं खातं वेगळं, त्याची मर्यादाही वेगळी. म्हणजे दोघांचे मिळून 6 लाख.

तारीख मात्र सांभाळा. व्याज 5 तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. दीड लाख 6 एप्रिलला भरले तर 7.1 टक्क्यांनी त्या महिन्याचे 887 रुपये 50 पैसे गेले. चेकही 5 तारखेच्या आत वटला पाहिजे, 4 तारखेला खिडकीवर नुसता देऊन भागत नाही.

पोस्टाचं कामकाज, हिंगोली
यात एक चूक फार होते. लेकराच्या नावानं खातं काढून बाप दोन्हीकडं दीड-दीड लाख भरतो. अल्पवयीन मुलाचं आणि पालकाचं मिळून मर्यादा दीड लाखच. जादा रकमेला व्याज नाही, ती नुसती परत मिळते. दुसरं, दुष्काळात 500 राहिले तर खातं बंद पडतं. मग चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे 500 आणि 50 दंड भरेपर्यंत त्यावर कर्ज नाही, मधे पैसे काढणंही नाही. घरात पैशाची नड असते नेमकी तेव्हाच.

हिशोबनीस, परभणी
लातूरकर साहेब, जानेवारीची पट्टी एप्रिलपर्यंत घरात टिकते का? मार्चमध्ये पीककर्जाचं नवं-जुनं करायचं असतं, म्हणजे जुनं फेडून नवं घ्यायचं, पाठोपाठ लगीनसराई. आणि एप्रिलचे दीड लाख पुढच्या वर्षाच्या मर्यादेतून जातात. बुडालेलं साल बुडालेलंच राहतं.

करसल्लागार, लातूर
मग एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना आहे. वर्षाला किमान 1,000, वरची मर्यादा नाही, 5 लाख एकदम टाका. बचतीवरच्या कर-वजावटीची काळजीही नको. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकरच नाही, मग वजावट कशातून घेणार? मर्यादा पुढं नेऊ दिली तर फायदा शहरातले पैसेवालेच उचलतील.

शिक्षिका, बीड
सर, जो दरवर्षी पूर्ण दीड लाख भरतो, त्याच्याकडं पुढं न्यायला उरतंच काय? एनपीएस बाजारावर चालतं आणि साठाव्या वर्षी काही भाग पेन्शनसाठी अडकतो. पीपीएफची शिल्लक कोर्टाच्या हुकुमानंही कर्जापोटी जप्त होत नाही. बँकेतल्या साध्या ठेवीला हे कवच नाही. कर्जाखालच्या घरातल्या बाईसाठी म्हातारपणीची एवढीच रक्कम हक्काची राहते. म्हणून ही मर्यादा इतकी बोचते.

करसल्लागार, लातूर
ताई, जप्तीचा मुद्दा खरा, पण तोच मर्यादेच्या बाजूनंही बोलतो. वरचं झाकण काढलं तर मोठा थकबाकीदार सगळा पैसा तिथं लपवेल.

हिशोबनीस, परभणी
झाकण काढा कुठं म्हटलं? तीन वर्षांचे मिळून साडेचार लाख, त्यावर एक रुपया नाही. सरकारचा बोजा आजच्या कमाल आकड्यापलीकडं जात नाही.

करसल्लागार, लातूर
साडेचार लाखांचा तीन वर्षांचा गट असेल तर विरोध कमी करतो. पण दरवर्षीचे 500 भरून खातं चालू ठेवलंय, त्यालाच ही सोय. नाहीतर लोक खातं काढून विसरतील.

पोस्टाचं कामकाज, हिंगोली
ही अट नको. 500 चुकतात तेच दुष्काळात. दंड भरून खातं सुरू करणाऱ्यालाही धरा.