ठासणीची (तोंडातून भरायची) रायफल, .५० कॅलिबर (नळीचा व्यास .५० इंच): बंदुकीची दारू २एफ की ३एफ?

प्रश्न:
पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणाच्या शिकारीसाठी चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकांचा हंगाम असतो. त्यासाठी .५० ची चकमकीची रायफल घेतली आहे. गोळी शिशाची गोल, .४९० इंच, पॅच (गोळीभोवती गुंडाळायचं कापड) .०१५ इंच जाड. काळी दारू २एफ घ्यावी की ३एफ? आणि रंजक (चकमकीखालच्या प्यालीत घालायची, ठिणगीने आधी पेटणारी दारू) म्हणून ४एफचा वेगळा डबा लागतोच का?

उत्तर १:
एफ जितके जास्त, तितका दाणा बारीक. तेवढ्याच वजनात बारीक दाण्यांचा पृष्ठभाग जास्त भरतो, म्हणून ३एफ झपाट्याने जळते आणि नळीतला दाब लवकर चढतो. जुना आडाखा असा: .४५ पर्यंत ३एफ, .५० पासून पुढे २एफ, .६९ किंवा .७५ च्या मस्केटला (जुन्या मोठ्या नळीच्या लष्करी बंदुकीला) १एफ. तुमची रायफल नेमकी सीमेवर आहे, त्यामुळे दोन्ही चालतात. गोल गोळी हलकी, साधारण १७७ ग्रेनची (१ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम). तिच्यामागे मी ३एफ घालीन, कारण नळीत घाणही कमी साचते. लांबट जड गोळी वापरणार असाल तर मात्र २एफच.

५० ग्रेनपासून सुरुवात करा. ५-५ ग्रेन वाढवत ५० यार्डांवर गोळ्या कुठे एकवटतात ते पाहा. कारखान्याच्या पुस्तिकेतली कमाल मर्यादा ओलांडू नका. २एफचं बसलेलं माप ३एफसाठी १०-१५ टक्क्यांनी कमी करायचं.

उत्तर २:
डबा घेताना नीट वाचा. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन या काळ्या दारूच्या पर्यायांना पेटायला जास्त उष्णता लागते. चकमकीच्या ठिणगीवर त्यांचा भरवसा नाही. तुम्हाला खरी काळी दारूच हवी. बिनधुराची (आधुनिक काडतुसांतली) दारू तर चिमूटभरही नको, नळी फुटते.

दारू डब्यातून थेट नळीत ओतू नका. आत निखारा राहिला असेल तर अख्खा डबा हातात पेटेल. वेगळ्या मापात घ्या, मग ओता. गोळी दारूला टेकेपर्यंत ठासा आणि त्या ठिकाणी गजावर खूण करा. खूण नळीच्या तोंडाशी आली नाही, तर गोळी अडकली आहे. मध्ये पोकळी ठेवून बार काढला तर नळीला फुगवटा येतो.

उत्तर ३:
रंजक ४एफ असेल तर उत्तम. ३एफनेही काम भागतं, बार किंचित उशिरा होतो एवढंच. प्यालीत थोडीच घाला आणि काना (प्यालीतून नळीत जाणारं छिद्र) मोकळा ठेवा. काना दारूने बुजला की ती वातीसारखी जळत आत जाते आणि बार रेंगाळतो. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी पूर्ण एक मिनिट निशाणाकडेच धरा. ओल्या हवेत प्यालीतली रंजक वरचेवर बदला.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे, ३एफ आणि थोडी ४एफ घेतो. उडालेले पॅच तपासावेत असं वाचलं, त्यात काय बघायचं?

उत्तर १:
मधोमध जळून भोक पडलं असेल तर पॅच पातळ आहे, वंगण कमी आहे किंवा दारू जास्त झाली आहे, आधी .०१८ चा पॅच लावून बघा. कडेला सरळ चिरा दिसल्या तर नळीच्या तोंडाची किंवा आट्यांची (नळीतल्या पीळदार खाचांची) धार पॅच कापते आहे. नव्या नळीत हे बरेचदा होतं. शाबूत, फक्त काळवंडलेला पॅच मिळाला की माप जमलं समजा. आणि त्याच दिवशी नळी पाण्याने धुवा. उरलेली राख हवेतला ओलावा खेचते आणि रात्रीतून गंज धरतो.