मदत हवी आहे: जंगलातल्या शिकारी कॅम्पवर स्थानिक चॅनेल कसे आणावेत?

नमस्कार मंडळी,

लेक पिट्सबर्गला असते. तिच्या सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या व्याह्यांचा, पेनसिल्व्हेनियात पॉटर काउंटीच्या पूर्व कडेला शिकारीचा कॅम्प आहे. कॅम्प म्हणजे तंबू नव्हे, दोन खोल्यांची लाकडी केबिन. पण तिकडे सगळे कॅम्पच म्हणतात. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी बंदुकीने हरणं मारण्याचा सीझन सुरू होतो, तेव्हा पाच-सहा जण आठवडाभर मुक्कामाला असतात. मी शिकार करत नाही आणि खातही नाही. माझ्याकडे चहा, पोहे आणि शेगडीतली लाकडं. पण मी पुण्यात जन्मभर इलेक्ट्रॉनिक्समध्ये होतो हे व्याह्यांना कळलं आणि टीव्ही माझ्या गळ्यात पडला.

तिथे वीज आहे, मोबाइलला रेंज नाही, इंटरनेट नाही. आठवडाभरासाठी वर्षाचे पैसे भरायला व्याही तयार नाहीत. पूर्वी डिश होती, पण तिच्यावर बफेलोचे चॅनेल लागायचे. म्हणजे रविवारी बिल्सची, बफेलोच्या फुटबॉल संघाची मॅच! व्याही स्टीलर्सवाले, म्हणजे पिट्सबर्गच्या संघाचे. पिट्सबर्गचे चॅनेल द्या म्हणून कंपनीशी भांडून झालं, नाही म्हणाले, डिश बंद केली.

मग मी खोक्यावर '150 मैल' लिहिलेली ॲंटेना आणली. छपरावर चढवली, सर्वात जवळचे चॅनेल जिथून येतात त्या एल्मायरा शहराकडे रोखली. टीव्ही मनोऱ्यांची दिशा सांगणाऱ्या रॅबिट इअर्सच्या साइटवर 60 अंश दिसत होते, अंतर साधारण 50 मैल. व्याह्यांच्या शिकारीच्या होकायंत्राने बरोबर 60 लावले. एकच चॅनेल आला, तोही चौकोन चौकोन होत. टीव्हीमागे बूस्टर लावला, काडीचा फरक नाही. सिंहगडाकडे ॲंटेना फिरवायचो तेव्हा मुंग्या कमी-जास्त व्हायच्या, त्यावरून दिशा तरी कळायची. इथे चित्र असतं किंवा नसतं. केबिन दरीत आहे आणि ईशान्येला डोंगराची सोंड आडवी आहे.

काय चुकतंय?

तारवाला: काका, आधी डिशचं. अमेरिकेत टीव्हीचे बाजार काउंटीप्रमाणे वाटलेत आणि पॉटर काउंटी बफेलोच्या वाट्याला आहे. दूरच्या शहराचे चॅनेल उपग्रहावरून द्यायची मुभा 2019 च्या कायद्याने फारच आवळली. आता ती मुख्यतः आरव्ही (चाकांवरचं घर) आणि ट्रकवाल्यांना उरली आहे. व्याह्यांनी केबिनला चाकं लावली तर गोष्ट वेगळी.

'150 मैल' ही जाहिरात समजा. पृथ्वीचा गोलावा आडवा येतो, 60-70 मैलांपुढे भरवसा नाही. आणि बूस्टर टीव्हीमागे लावून उपयोग नसतो. वायरीत 100 फुटांमागे यूएचएफला (टीव्हीच्या वरच्या फ्रीक्वेन्सींना) साधारण 5 डेसिबल गळतात; गळून उरलेलं वाढवलं तर कचराही वाढतो. बूस्टर वर, ॲंटेनेच्या बुडाशी. त्याची वीज त्याच वायरीतून वर जाते. आणि खांबाला अर्थिंग द्या.

कोलंबसकर_मेधा: ते 60 अंश खऱ्या उत्तरेपासूनचे असतील, होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं. त्या भागात ती खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला 11-12 अंश आहे. म्हणजे होकायंत्रावर 72 च्या आसपास लावायला हवं होतं. तुमची ॲंटेना एल्मायराच्या डावीकडे बघतेय. कधी चढवली होती? उन्हाळ्यात पानं असताना यूएचएफ आणखी मार खातं.

सिंहगडवाला (मूळ प्रश्नकर्ता): मेधाताई, जुलैत! चुंबकीय उत्तर शिकवलेला माणूस आहे मी, तोंड लपवायला जागा नाही.

लोकल_इतिहास: थोडं अवांतर. याच राज्यात लॅन्सफर्ड गावाला डोंगराआड फिलाडेल्फियाचं चित्र यायचं नाही. 1950 च्या सुमाराला रॉबर्ट टार्ल्टन नावाच्या दुकानदाराने डोंगरमाथ्यावर ॲंटेना लावून वायर खाली गावात आणली. केबल टीव्हीच्या सुरुवातीच्या धंद्यांपैकी तो एक. तुम्हीही सोंडेवरच चढा.

आणि हवामानच हवं असेल तर टीव्हीच कशाला? हवामानखात्याचा रेडिओ 162 मेगाहर्ट्झच्या आसपास चोवीस तास बोलत असतो. दरीत मात्र आधी ऐकून बघा, मग विकत घ्या.

सिंहगडवाला: ऑक्टोबरात जाऊन आलो. जावईबापूंनी खांब मागच्या चढावर 200 फूट वर नेला, बूस्टर वर लावला, होकायंत्रावर 72. तीन चॅनेल स्वच्छ, चौथा वारा नसला तर. सोंड ओलांडली नाही, तिच्या खांद्यावरून डोकावतोय एवढंच. स्टीलर्स काही आले नाहीत, ते पिट्सबर्गहूनच यायला हवेत. व्याही रेडिओवर ऐकणार म्हणाले. निदान सकाळी बर्फ पडणार का, हे कळेल.

आता नवी भानगड. दुसऱ्याच रात्री साळिंदराने वायर कुरतडली. चांगली वीतभर साल सोलली. प्लास्टिकच्या पाइपात घातली तर वाचेल का?

तारवाला: साळिंदर प्लास्टिकही खातं, प्लायवूडसुद्धा. जमिनीजवळच्या भागाला लोखंडी पाइप घाला, उरलेली फूटभर खोल पुरा. पुरायची वायर वेगळी मिळते, जेल भरलेली. साधी पुरली तर दोन पावसाळ्यांत पाणी पिते.