बसून मोजलेला रक्तदाब ‘उत्तम’, आणि उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी

खडूफळा :
माझे वय ३६ असून मी सोलापूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. गेली तीन वर्षे माझा रक्तदाब ९०/६०च्या आसपास असतो. आकड्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सकाळी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि परिपाठाला दहा मिनिटे उभे राहिले की मान व खांदे ओढल्यासारखे दुखू लागून समोरच्या मुलांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे वाटतात. मार्चमध्ये फळ्यावर लिहिता लिहिता मी पटकन खाली बसले नसते, तर पडलेच असते. आजवर तीन डॉक्टरांना दाखवले. पहिल्यांनी ‘कमी रक्तदाबाची माणसे खूप जगतात’ असे सांगून परत पाठवले, दुसऱ्यांनी सलाईन लावून कागदावर ‘अशक्तपणा’ लिहिले, आणि तिसऱ्यांनी मला सोडून माझ्या यजमानांना विचारले, की घरात काही ताण आहे का. तिन्ही ठिकाणी रक्तदाब मोजला गेला तो मी बाहेर अर्धा तास बाकावर बसून राहिल्यानंतर. मी उपास करत नाही, हिमोग्लोबिन ११.८ आहे. हा त्रास डॉक्टरांपुढे कसा मांडला म्हणजे ते तो ऐकून घेतील?

स्टेथोवाला :
मी तालुक्याच्या गावी वीस वर्षे प्रॅक्टिस करतो, तेव्हा आधी आमची बाजू सांगतो. दिवसभरात ज्याचा रक्तदाब १८०/११० निघतो त्याची आम्हाला धास्ती असते, त्यामुळे ९०/६० दिसले की मन निर्धास्त होते. आणि हे सर्वस्वी चूक नाही, कारण पुष्कळ तरुण स्त्रियांचा रक्तदाब तेवढाच असतो व त्यांना कसलाही त्रास नसतो. तुम्हाला मात्र त्रास आहे, आणि तो उभे राहिल्यावर होतो, हीच यातली कळीची गोष्ट आहे. माणूस उभा राहिला की सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. शरीर रक्तवाहिन्या आवळून व नाडी वाढवून ते सावरून घेते. हे सावरणे बिघडले असेल, तर बसून घेतलेल्या मापात ते दिसेलच असे नाही.

घरी पाच मिनिटे उताणे पडून माप घ्या, मग उभे राहून पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला, तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. रक्तदाब तसा न उतरता दहा मिनिटांत नाडी ३० किंवा त्याहून अधिक वाढून चढीच राहत असेल, तर ‘पॉट्स’चा, म्हणजे उभे राहिल्यावर नाडी फार वाढण्याच्या विकाराचा, विचार करावा लागतो; म्हणून नाडीही लिहा. उभे असताना हात लोंबकळत ठेवू नका, नाहीतर आकडा वाढीव येऊन उतार झाकला जातो. उलट बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर आकडा उगीचच कमी येतो. घरात कोणी जवळ असल्याखेरीज हे करू नका. आणि ११.८ हिमोग्लोबिन स्त्रियांसाठी १२च्या खालीच आहे, तेव्हा फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, तपासून घ्या.

पानसुपारी :
चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी सोबत न्या. आमचे वडील संध्याकाळी देवळाच्या पायरीवर दोनदा कोसळले आणि आम्ही वयाला दोष देत राहिलो. प्रोस्टेटसाठी एकाने दिलेली टॅमसुलोसिन आणि सुजेसाठी दुसऱ्याने दिलेली लघवीची गोळी एकत्र चालू होती; दोन्ही रक्तदाब उतरवू शकतात, व दोघांनाही एकमेकांचे औषध ठाऊक नव्हते.

मिठाची बरणी :
मलाही चार वर्षे ‘अशक्तपणा’च सांगितला गेला. वजन उतरत होते, तळहातांच्या रेघा व हिरड्या काळवंडल्या होत्या, आणि मिठाची इतकी ओढ लागे की मी लोणच्याचा खार वाटीत काढून चमच्याने खात असे. सासूबाई तेवढ्या हसत. अखेर एका डॉक्टरीणबाईंनी सोडियम तपासले, ते १२६, म्हणजे बरेच कमी, निघाले. मग सकाळी आठचे कॉर्टिसोल व पुढील तपासण्या होऊन ॲडिसनचा आजार ठरला; लहानपणीच्या क्षयाने माझ्या मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसोल तयार करणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या होत्या. हा आजार विरळा आहे, त्यामुळे घाबरू नका. पण सोडियम, पोटॅशियम आणि कॉर्टिसोल या तपासण्या मागून घेण्यात संकोच करू नका.

मांडण्याविषयी विचारलेत म्हणून सांगते. ‘चक्कर येते’ हे वाक्य त्यांनी त्या सकाळीच दहा वेळा ऐकलेले असते. मी त्या बाईंना सांगितले, की ओट्याशी उभी राहून पोळ्या करताना सहाव्या पोळीला मला खाली बसावे लागते, आणि गेल्या वर्षी मी वीस करत होते. त्यांनी पेन खाली ठेवले ते त्या वाक्याला.

स्टेथोवाला :
एक पुस्ती जोडतो. मीठ व पाणी वाढवण्याचा सल्ला पुष्कळांना लागू पडतो, पण मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असेल तर तो घातक ठरू शकतो. तेव्हा कारण कळेपर्यंत लोणच्याची बरणी फडताळातच राहू द्या. अंधारी आली की पाय एकमेकांवर आवळून मांड्या व मुठी घट्ट कराव्यात, आणि तरीही न थांबल्यास लाज न बाळगता खाली बसावे.

खडूफळा :
सर्वांची आभारी आहे. पाच सकाळी मापे घेऊन चौकटीच्या वहीत लिहिली. आजचे पडून १०४/६६ व नाडी ७२. तिसऱ्या मिनिटाला ८०/५८ व नाडी ९६. वही घेऊन मी सलाईनवाल्या डॉक्टरांकडेच पुन्हा गेले, आणि ‘परिपाठातील प्रतिज्ञेपर्यंत उभी राहू शकते, पसायदानापर्यंत नाही’ असे सांगितले. त्यांनी वही दोनदा वाचली, स्वतः मला टेबलावर झोपवून, मग उभे करून मोजले, आणि वरचा आकडा २२ उतरला तेव्हा ‘हे आधीच करायला हवे होते’ असे मोकळेपणाने म्हणाले. फेरिटिन बरेच कमी निघाले असून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. सोडियम ठीक आहे, कॉर्टिसोलचा अहवाल गुरुवारी मिळेल. मुख्याध्यापकांनी परिपाठाला खुर्ची मंजूर केली आहे, पण ती कार्यालयातून मैदानात रोज मलाच उचलून न्यावी लागते.